चाळिसावी मादी

पिंजऱ्यात सकाळी डासांच्या चाळीस माद्या होत्या, आता एकोणचाळीस. आणि त्याही साध्या नव्हेत, जंगलातल्या माकडांचा विषाणू अंगात घेतलेल्या.

अकरा वर्षं प्रयोगशाळेत डास पाळणाऱ्या बाईची चूक बघा! पिंजऱ्यावर फुंकर मारली की डास उठतात, जिवंत किती ते कळतं. साध्या पिंजऱ्यांवरची ही सवय. आज पिंजऱ्याच्या तोंडाची जाळीची बाही बांधायच्या आधीच तिने फुंकर मारली आणि एक निसटली. घाई, दुसरं काय!

चार वाजता आईचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि म्हातारी हटून बसली होती, "लेक समोर आल्याशिवाय मी आत जायची नाही." आज टळलं तर भरवसा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

इकडे नियम असा, की आकडा जुळेपर्यंत खोलीची दोन्ही दारं बंद.

"सापडली का, बाई?" काचेपलीकडून साहेबांनी फोनवर विचारलं.

"सापडली असती तर इथे अंडी उबवत बसले असते का, साहेब?"

तीन वाजून गेले. पांढऱ्या भिंती बघून डोळे फुटायची वेळ आली. सापडली म्हणून सांगितलं तर कोण बघायला येणार होतं? शब्द ओठांवर आला आणि तिने गिळला. ही मादी बाहेर जाऊन कुणाला तरी चावणार, त्याला गल्लीतले डास चावणार, आणि जंगलातलं दुखणं गावात घर करणार. नव्या लोकांना हे तीच तर शिकवायची.

शेवटी तिने हातमोजा काढला, अंगातल्या कोटाची बाही वर सारली आणि स्वस्थ बसली. टेकली रे टेकली की हाणायची! ती मनगटावर डोळे लावून बसली आणि ती सटवी आली कोपरामागून. खाज सुटली तेव्हा कळलं. तिने हाणली. तळहातावर रक्त होतं, तिचंच.

"सापडली," ती म्हणाली. साहेब हसत दाराकडे धावले. "थांबा, उघडू नका. चावलीय."

चावा बसला की चौदा दिवस बंद खोलीत. तो कागद दारावर तिनेच चिकटवला होता. तिला रडू फुटलं. ते आवरून तिने साहेबांकडून आईला फोन लावून घेतला.

"कुठे उलथलीस गं?"

"आलेय, आई. खाली बसलेय, वर सोडत नाहीत. तू जा आत."

"खरंच?"

"तुझ्याशी खोटं बोलेन का?"

"बरं बाई, जाते," म्हातारी म्हणाली. "पण डोळे उघडले की पहिली तूच दिसली पाहिजेस."