धाकलूचं अपील आणि सोनिवलीचा फ्लॅट

तुम्ही मला हातात धरू शकणार नाही, की माझ्यावर चहाचा कप ठेवू शकणार नाही. मी फाइल आहे खरी, पण पुठ्ठ्याची नव्हे. उल्हासनगरात कोर्टाच्या मागच्या गल्लीत हरेशभाईंचं अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं करून देण्याचं दुकान आहे. तिथल्या कम्प्युटरमध्ये माझा जन्म झाला आणि तिथंच एका सकाळी मी जवळजवळ संपलेही होते. वाचले कशी, ते सांगते.

मला घडवलं जिज्ञासाने. ती पालेगावची, वय अठ्ठावीस. कायद्याच्या पहिल्या वर्षाला दोनदा नापास झालेली, पण अर्ज लिहायला बसली की गल्लीतले वकीलही तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. दुकानात अर्ज तयार करायचं एक सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रत्येक अर्जाचा नमुना असतो. चौकटी भरायच्या, बटण दाबायचं, की छापून बाहेर. ज्याचा अर्ज, त्याच्या नावाची एक फाइल.

माझी शेकडो भावंडं तिथं राहतात आणि त्यांची नावं ऐकली तर तुम्ही हसाल. ‘कृपलानी फायनल’, ‘कृपलानी फायनल नवीन’, ‘कृपलानी खरंच फायनल’, ‘हीच घे’. माणसं बाळाचं नाव ठेवताना पत्रिका बघतात, आम्हाला मात्र घाईत जे सुचेल ते. मी त्या बाबतीत नशीबवान. जिज्ञासाने माझं नाव सुटसुटीत ठेवलं: ‘धाकलू वनहक्क अपील’.

धाकलू म्हणजे बारवी धरणाच्या वरच्या अंगाला टेपाची वाडी आहे, तिथला म्हातारा. त्याची बायको येसू. दोघांनी जन्मभर डोंगराच्या उतरणीवर भात आणि नागली पिकवली. जमीन वनखात्याची, पण कसणाऱ्याला तिचा हक्क मिळतो असा कायदा आहे. धाकलूने दावा केला होता. तो ‘पुरावा अपुरा’ असा शेरा घेऊन परत आला. आता जिल्ह्याच्या समितीपुढे अपील करायचं होतं आणि त्याला साठ दिवसांची मुदत होती.

ती दोघं पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा येसू खुर्चीवर बसेना. जमिनीवर बसकण मारून म्हणाली, “पोरी, आमच्याकडं कागद नाय. काय इचारायचं ते इचार, मी सांगते.”

जिज्ञासाने विचारलं, “मावशी, जमीन कुठून कुठपर्यंत?”

येसूने डोळे मिटले आणि चालायला लागली. म्हणजे बसल्या जागीच, पण आवाजाने. “वरला आंबा. त्याच्या खाली वाघोबाचा दगड. दगडापासनं ओहळाच्या कडंनं मोहापर्यंत. मोहाला दोन खांदं, एक इजंनं जळला. तितून वळलं का खळं. खळ्याच्या बांधाखाली माज्या तिन्ही पोरांच्या नाळा पुरल्यात. थोरला आता चाळीशीचा हाय.”

जिज्ञासा टाइप करायची थांबली. “मावशी, हा तर पुरावा आहे! चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही तिथं होता, याचा.”

“मंग मी काय सांगते मगापासनं?” येसू म्हणाली.

तीन बैठकांत मी वाढले. बांध, झाडं, झरे, कोणत्या साली काय पेरलं, शेजारच्या वाडीतल्या शिवराम म्हाताऱ्याचा जबाब, हाताने काढलेला नकाशा. एकोणीस पानं झाली. इतर अर्ज एकमेकांसारखे असतात, नावं तेवढी वेगळी. माझ्यात मात्र एक अख्खा डोंगर होता. थोडा गर्व झाला होता मला, खोटं कशाला बोलू?

मुदतीचा शेवटचा दिवस गुरुवारचा. शिवरामचा जबाब यायला उशीर झाला म्हणून सगळं शेवटावर आलेलं. बुधवारी जिज्ञासाने मला पूर्ण केलं. दुकानातला प्रिंटर रुसला होता, तेव्हा सकाळी छापू, सह्या-अंगठे घेऊ आणि दुपारी ठाण्याला समितीच्या कचेरीत जाऊन देऊ, असं ठरलं.

गुरुवारी सकाळी दहा वाजता दुकान उघडलं ते हरेशभाईंनी.

हरेशभाई सिंधी, मनाने सोन्यासारखा माणूस. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना त्याने फुकट प्रतिज्ञापत्रं करून दिलीत. पण त्याचं एक तत्त्व आहे, ते तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो: “नवीन फॉर्म कशाला उघडायचा, साईं? जुनाच उघड, वरचं नाव बदल, खालचं नाव बदल, काम खतम!”

त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं दिपेश. नवं लग्न झालेला, सोनिवलीच्या एका टॉवरमध्ये फ्लॅट भाड्याने घेणारा. भाडेकराराचा मजकूर त्याने पेन ड्राइव्हवर आणला होता. हरेशभाईंनी सॉफ्टवेअर चालू केलं. शेवटी उघडलेली फाइल ते आपोआप समोर आणतं. शेवटची मी होते.

हरेशभाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगळं निवडलं, पुसलं, करार आणून चिकटवला आणि सेव्हचं बटण दाबलं.

दुखलं नाही. पण वरला आंबा गेला, वाघोबाचा दगड गेला, मोह गेला. त्या जागी आले दोन बेडरूम, हॉल, किचन, मॉड्युलर ट्रॉली आणि ‘भाडेकरूने बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत’. माझं नाव तेच राहिलं: ‘धाकलू वनहक्क अपील’.

साडेअकराला जिज्ञासा आली. तिच्यामागे धाकलू आणि येसू, पहाटेच वाडीतून निघालेले. धाकलूने ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता. जिज्ञासाने माझ्या नावावर टिचकी मारली आणि वाचू लागली.

“मौजे सोनिवली येथील सदनिका क्रमांक...” ती थांबली. पान वर सरकवलं, खाली सरकवलं. “हरेशभाई, माझी फाइल कुठंय?”

“ही काय, तुझ्यासमोर तर आहे.”

“हा भाडेकरार आहे!”

“हां, तो दिपेशचा. अभी बनवला ना मी...” हरेशभाईंनी पडद्याच्या माथ्यावरचं माझं नाव वाचलं आणि कपाळावर हात मारला. “अडे, ये क्या हो गया!”

जिज्ञासाने कचऱ्याच्या डब्यात शोधलं. कम्प्युटरलाही तसा डबा असतो, टाकलेल्या फाइल्स त्यात सापडतात. पण मला कोणी टाकलंच नव्हतं. तिने माझ्या भावंडांची अख्खी यादी चाळली. कुठंच काही नाही.

धाकलूला यातलं काही कळत नव्हतं, पण चेहरे कळतात. तो हळूच म्हणाला, “गेलं का समदं?”

तेव्हा येसू खाली बसली, पदर खोचला आणि म्हणाली, “गेलं तं गेलं. मी हाय ना? घे लिवून. वरला आंबा. त्याच्या खाली वाघोबाचा दगड...”

“मावशी, तीन दिवस लागले होते आपल्याला. पाच वाजता तिकडची खिडकी बंद होते.” जिज्ञासाच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी तिने वही काढली आणि हरेशभाईंच्या हातात पेन कोंबलं. “तुम्ही लिहा, मावशी सांगतील तसं. मी शोधते.”

मग तिने सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडे पुष्कर नावाचा मुलगा होता. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, “मॅडम, त्या फाइलमध्ये करार टाकल्यावर तो किती वेळा सेव्ह केला?”

जिज्ञासाने हरेशभाईंकडे बघितलं. हरेशभाईंनी बोटं मोजली. “एक तर पहिल्यांदा. नंतर दिपेशच्या बायकोचं नाव राहिलं होतं, ते टाकून. मग तारीख बदलून. तीन.”

“तीन!” पुष्करचा आवाज चढला. “ऐका नीट. प्रत्येक सेव्हच्या वेळी सॉफ्टवेअर आधीची प्रत बाजूला ठेवतं. पण फक्त शेवटच्या तीनच ठेवतं. तुमची मूळ प्रत आता तिसऱ्या नंबरवर उभी आहे. अजून एकदा सेव्ह झालं, तर ती कायमची बाहेर. कोणीही, काहीही सेव्ह करू नका!”

तो हे सांगत होता, तेव्हा दिपेश अजून दुकानातच होता, दुसऱ्या पडद्यासमोर बसून आपला करार वाचत. दोन्ही पडद्यांवरून तीच फाइल उघडता येते. त्याला करारात ‘सोनिवली’च्या जागी ‘सोनवली’ झालेलं दिसलं होतं. भला माणूस, दुरुस्ती स्वतःच करून मोकळा झाला होता. आता त्याचा बाण सेव्हच्या बटणावर येऊन थांबला होता आणि बोट माउसवर.

मी हे सगळं बघत होते आणि मला ओरडता येत नव्हतं.

“दिपेश, हात वर!” जिज्ञासा अशी किंचाळली की बाहेर उसाच्या रसाचं चाक फिरवणारा थबकला. दिपेशने दोन्ही हात डोक्यावर नेले, सिनेमात पोलिसांनी पकडल्यावर नेतात तसे. त्याच्याबरोबर हरेशभाईंनीही नेले. आणि काही न समजता धाकलूनेही.

“मैंने कुछ किया क्या?” दिपेश घाबरून म्हणाला.

“नाही केलंस, म्हणून तर देव पावला. आता उठ तिथून. माउसला हात लावू नकोस!”

पुढचं काम पुष्करने एकेक पायरी सांगत करवून घेतलं. सॉफ्टवेअरच्या कप्प्यात आणखी एक कप्पा असतो, तो एरवी दिसत नाही. तो उघडल्यावर तीन प्रती दिसल्या. नावं नाहीत, नुसते आकडे. त्यातल्या सर्वांत जुनीवर काल संध्याकाळची वेळ होती. जिज्ञासाने आधी ती उचलून दुसरीकडे ठेवली, मग तिला माझं नाव दिलं आणि उघडलं.

“वरला आंबा,” तिने पडद्यावरून वाचलं.

“त्याच्या खाली वाघोबाचा दगड,” येसू जमिनीवरून म्हणाली.

“सगळं आलंय का, ते मोठ्याने वाचून तपासा,” पुष्कर म्हणाला. “घाईत छापू नका.”

घड्याळात एक वाजत आला होता. तरी जिज्ञासा पहिल्या पानापासून वाचू लागली. हरेशभाई वहीत लिहून घेतलेल्याशी ताडून बघत होते. ओहळ, मोह, खळं, नाळा, जसंच्या तसं. येसूने तीन आठवड्यांपूर्वी सांगितलेलं आणि आज सांगितलेलं, यात एका दगडाचा फरक नव्हता. हरेशभाईंनी वही मिटली आणि म्हणाले, “बाई, तू तर बॅकअप आहेस!”

माझा गर्व तिथंच उतरला. मला वाटलं होतं, मी गेले म्हणजे डोंगर गेला. डोंगर तर जमिनीवर पदर खोचून बसला होता.

मग जिज्ञासा शेवटच्या पानावरच्या मागणीवर आली. “सबब, सदर जमिनीचा हक्क अर्जदार धाकलू यांच्या नावे मिळावा, ही विनंती.”

“थांब पोरी,” धाकलू म्हणाला. सकाळपासून तो फारसं बोललाच नव्हता. “हिचं नाव कुटं हाय?”

जिज्ञासाने वर पाहिलं. अर्जदाराच्या नावाखाली ‘पती किंवा पत्नीचे नाव’ अशी चौकट होती. कोरी. ती पहिल्या दिवशीच राहून गेली होती आणि नंतर एकोणीस पानं भरण्याच्या नादात तिच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. ज्या बाईच्या शब्दांनी मी बनले, तिचं नाव माझ्यात साक्षीलाही नव्हतं.

“बाबा, माझीच चूक,” जिज्ञासा म्हणाली. “कायद्यानेच दोघांचं नाव लागतं.”

“कायदा ऱ्हाऊ दे,” धाकलू म्हणाला. “बांधाचे दगड तिनं उचलले, मी नुसते रचले. आधी तिचं टाक.”

येसू एवढा वेळ अडखळली नव्हती, ती आता अडखळली. “काय तरीच तुमचं,” म्हणाली आणि दाराकडे तोंड करून बसली.

जिज्ञासाने दोन्ही नावं टाकली, येसूचं आधी. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून मी छापून आले. दोन अंगठे उमटले. हरेशभाईंनी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि सगळ्यांना आपल्या गाडीत घातलं. दिपेश अजून उभाच होता. “माझा करार?” त्याने विचारलं.

“उद्या ये साईं, तुझ्यासाठी नवीन फॉर्म उघडणार. जन्मात पहिल्यांदा!” हरेशभाई म्हणाले.

चार वाजायला वीस मिनिटं असताना ठाण्याच्या खिडकीवर मला पोचपावतीचा शिक्का मिळाला.

पुढे समितीची माणसं वाडीवर आली. जिज्ञासा सांगते, येसू पुढे आणि सगळे मागे, अशी वरात निघाली. एक तरुण अधिकारी माझी पानं हातात घेऊन प्रत्येक खूण तपासत होता. मोहापाशी तो म्हणाला, “इथं दोन फांद्या लिहिल्यात, दिसते तर एकच.” येसूने जळका खुंट दाखवला आणि म्हणाली, “दुसरी वर बगू नको, खाली बग.” पाच महिन्यांनी हक्काचा कागद आला. हरेशभाईंनी गल्लीभर पेढे वाटले, जणू त्यांनाच डोंगर मिळाला.

आता माझं काम संपलंय. जिज्ञासाने मला वेगळ्या डिस्कवर नेऊन ठेवलंय आणि कुलूप लावलंय. मला उघडता येतं, पण माझ्यात कोणाला काही बदलता येत नाही. म्हातारपणाची चांगली सोय आहे. इथं शांत आहे. फ्लॅटच्या ट्रॉल्यांची आठवण येऊन कधीकधी हसू येतं.

जाता जाता एवढंच सांगते. आमची एक प्रत दुसरीकडे ठेवत जा, ते तर कराच. पण त्याआधी आम्हाला एकदा मोठ्याने वाचा, आणि ज्यांच्यासाठी आम्ही लिहिलेल्या असतो, त्यांना जवळ बसवून वाचा. आम्ही फाइली काही विसरत नाही, हे खरं. पण तुम्ही जे लिहायचं विसरलात, ते आम्हाला कुठून आठवणार?