द्राक्ष सोलणारा हात

नव्या हॉस्पिटलच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बहुतेक साठीच्या आसपासचे पुरुष, सगळ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर, आणि सगळे माना उंचावून स्टेजवरचा रोबो बघत होते. त्याच्या पोलादी हातांनी द्राक्षाची साल अलगद सोलली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघितलंत?" सूटवाले साहेब माइकवर गरजले. "याला डोळे आहेत, बुद्धी आहे! माणसाचा हात थरथरतो, याचा नाही. पोट फाडणं नाही, लघवी गळणं नाही, संसारसुख जसंच्या तसं!"

त्यांच्यात माझा दादाही होता. तो शाळेची बस चालवतो. उद्या लघवी गळायला लागली तर पोरांसमोर सीटवर बसायचं कसं, या धसक्याने त्याची झोप उडाली होती. आमच्या सर्जननी पोटावर छेद घेऊन ऑपरेशन सांगितलं होतं. ते रद्द करून इथे रोबोकडून करून घ्यायचं त्याच्या मनाने घेतलं होतं.

"तुला जिथं तिथं शंका," तो मला म्हणाला.

होतीच. इतकं गोड बोलणारा माणूस मला पचत नाही.

सोबत आलेल्या आमच्या डॉक्टरीणबाई गुपचूप उठल्या आणि स्टेजच्या कडेच्या पडद्यामागे गेल्या. "नमस्कार!" आतून त्यांचा आवाज आला, आणि दुसऱ्या द्राक्षावरचा रोबोचा हात जागीच थिजला.

बाईंनी पडदा सारला. मागे एक टकले गृहस्थ यंत्राच्या दुर्बिणीतून डोकं वर काढून गोंधळून बघत होते. बोटं अजून रोबोचे हात हलवणाऱ्या दांड्यांत अडकलेली.

"यांनी डोकं काढलं की हात थांबतो, सुरक्षेसाठी तशी सोयच असते," बाई म्हणाल्या. "डोळे यांचे, बुद्धी यांची. यंत्र चांगलंच आहे. रक्त कमी जातं, माणूस लवकर घरी येतो. पण वर्षभराने गळती आणि संसारसुख यांत दोन्ही पद्धतींमध्ये फारसा फरक उरत नाही. गाठ कुठवर पसरलीय आणि हात कोणाचा आहे, यावर बरंच ठरतं."

"विज्ञानाला विरोध करताय!" साहेब चिडले.

"पडद्याला करतेय."

आणि माझ्यासमोरही या दुखण्याबद्दल चकार शब्द न काढणारा दादा भर हॉलमध्ये उभा राहिला. "तुम्ही ऑपरेशन केलेल्या किती जणांना वर्षानंतरही पॅड बांधावं लागतं?" त्याने टकल्या गृहस्थांना विचारलं.

"मी कंपनीचा माणूस," ते ओशाळून म्हणाले. "मी फक्त द्राक्षं सोलतो."

दुसऱ्या दिवशी दादाने हाच प्रश्न आमच्या सर्जनना विचारला. "दहांतल्या एकाला," ते शांतपणे म्हणाले. ऐकून दादाचा चेहरा उतरला, पण त्या रात्री त्याला झोप लागली.

पद्धत कोणतीही निवडा, पण आधी हे विचारा. या प्रश्नावर जो चिडतो, त्याच्या टेबलावर झोपू नका.