थॉर्नली साहेबांची सागवानी चौकट

देवरीत हायवेला लागून तीन खोल्यांची एक शाळा होती. पाटीवर लिहिलं होतं, थॉर्नली कॉन्व्हेंट. तिथे ना कुणी सिस्टर होती, ना धड इंग्रजी बोलणारं कुणी. पण संस्थापकाचं आडनाव थॉर्नली होतं आणि पालकांना तेवढं पुरत होतं.

संस्थापक शालीकराम थॉर्नली हा गोंड. त्याचा आजा चिचगडच्या जंगलात थॉर्नली नावाच्या इंग्रज लाकूड ठेकेदाराच्या बंगल्यावर पंखा ओढायचा. गाव त्याला थॉर्नलीचा माणूस म्हणे. आज्याने पोराला शाळेत घातलं तेव्हा मास्तरने आडनाव विचारलं. सरकारी कामात साहेबाचंच नाव चालत असेल असं समजून त्याने तेच सांगितलं. साहेबाला हे कधी कळलं नाही. पंखेवाल्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. तो त्याला 'ए' म्हणायचा. शालीकराम मात्र सांगे की साहेबाने मरताना आज्याला जवळ बोलावून आडनाव बहाल केलं. साहेब मेला कुठे, असं कुणी विचारलं की तो विषय बदलायचा.

२००८ साली गोंदियाच्या एका सायबर कॅफेत त्याला आडनावांचे इतिहास विकणारी विलायती कंपनी सापडली. काही दिवसांनी टपालाने एक रंगीत ढाल आली. ढालीवर तीन पक्षी, खाली मजकूर. थॉर्नली म्हणजे काटेरी झुडपांमधली मोकळी जागा. त्या नावाचं खेडं उत्तर इंग्लंडात. तिथून निघालेला एक सरदार राजाच्या बाजूने लढला. पुढे घराण्यात पाद्री झाले, न्यायाधीश झाले, जहाजांचे कप्तान झाले. पंखा ओढणाऱ्याचा उल्लेख कुठे नव्हता. शालीकरामने ते सगळं सागवानी चौकटीत बसवून बैठकीत टांगलं आणि शाळेच्या माहितीपत्रकात 'आठशे वर्षांची परंपरा' असं छापून टाकलं.

त्याच्या मुलीचं, चंचलचं, नीलेश मरसकोल्हेशी जमलं होतं. नीलेश आश्रमशाळेत शिक्षक. दोघांनी आपसात ठरवलेलं होतं. घरच्यांनी रीतीप्रमाणे पक्कं करायचं बाकी होतं. जून महिन्यात नीलेश आपल्या काकाला, जागेश्वरला, घेऊन देवरीला आला.

गोंडांत आडनावावरून घराण्याचे देव कळतात. कुणाचे चार, कुणाचे पाच, सहा, सात. सारख्या देवांचे ते भाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. जागेश्वरच्या घरी तर मुलीकडच्या वडीलधाऱ्याने आपलं कूळ आणि देव स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय पोरगी करत नसत.

शालीकरामची बायको पार्वताबाई चहा ठेवून गेली. जागेश्वरने बशीत चहा ओतला.

"देव किती जी तुमचे?"

"आमच्याकडे ती पद्धत नाही. आम्ही थॉर्नली," शालीकरामने भिंतीकडे बोट केलं. "वाचा."

"मले इंग्रजी येत नाई. तुमीच सांगा का लिवलं हाय ते."

शालीकरामने सांगितलं. झुडपं, सरदार, कप्तान, सगळं.

"म्हंजे बोरी-बाभळीची जागा," जागेश्वर म्हणाला. "तशी आमच्या वावराच्या मांगं बी हाय. तिथून कोनी सरदार नाई निंगाला."

नीलेशने खाली बघून सांगितलं, "काकाजी, मी त्या कंपनीत आपलं नाव टाकून पाहिलं. मरसकोल्हे. तोच सरदार निघाला. पक्षीही तेच."

"म्हंजे आपन बी विलायती?"

"पैसे भरले की झालो."

दाराआड पार्वताबाई हसली. शालीकरामने तिकडे डोळे वटारले.

जागेश्वर उठला. चौकटीजवळ जाऊन त्याने लाकडावरून बोट फिरवलं.

"लाकूड कायचं जी?"

"अस्सल सागवान! दरवाजे, पलंग, या घरात सगळं साग आहे."

जागेश्वरने बोट काढून धोतराला पुसलं. शालीकरामचं मूळ कूळ टेकाम. साग हे टेकामांचं कुळाचं झाड; ते त्याला कुऱ्हाड लावत नाहीत, त्याचं लाकूड घरात आणत नाहीत. आणि थॉर्नलीने तर चिचगडकडचा साग कापूनच पैसा केला होता.

"बापू, आमी विचारपूस करूनच आलो," जागेश्वर म्हणाला. "तुमी टेकाम, चार देववाले. आमी सात. सोयरीक जमते. फक्त तुमच्या तोंडानं एकडाव म्हना."

चंचल दारात येऊन उभी राहिली होती. ओसरीवर प्रवेशासाठी आलेले दोन पालक बसले होते आणि दार उघडं होतं. शालीकरामने मुलीकडे पाहिलं, मग पालकांकडे.

"आय अ‍ॅम थॉर्नली," तो मोठ्याने म्हणाला.

"बरं," जागेश्वरने टोपी उचलली. "साहेबाच्या घरी आमची सोयरीक होत नाई."

दुसऱ्या दिवशी चंचल बस धरून चिचगडला गेली, शालीकरामच्या चुलतभावाकडे. चुन्नीलालची शाखा शाळेत गेली नव्हती, म्हणून टेकामच राहिली होती.

"काका, माहे देव तुमी सांगता का?"

"काऊन? तुह्या बापाले तोंड नाई?"

"हाय. पन विलायती हाय."

चुन्नीलाल हसला नाही. "सांगतो," म्हणाला. "पन मंडप माह्या आंगनात पडन. अना पत्रिकेत टेकामच छापाचं."

"छापा."

पुढच्या मे महिन्यात लग्न लागलं. शालीकराम कोट घालून आला. बगलेत मुलीला द्यायला दुसरी चौकट होती, पहिलीपेक्षा मोठी. तो चटईवर चुन्नीलालच्या शेजारी बसायला गेला, तेव्हा जागेश्वर हात जोडून आडवा आला.

"साहेब, तुमी खाली कायले? हे आमच्या लोकाइचं काम. ए, खुर्ची आना साहेबाले. सागाची पायजे."

टेकामाच्या घरात सागाची खुर्ची कुठून असणार? ती शेजारून मागवावी लागली. शालीकराम मांडवाच्या कडेला तिच्यात बसला.

चुन्नीलालने कूळ सांगितलं, चार देव सांगितले. चंचल वडीलधाऱ्यांच्या पाया पडत गेली. खुर्चीजवळून ती न थांबता पुढे गेली. तिच्या मागून आलेल्या बायकांनी मात्र साहेबाला करतात तसा लांबूनच नमस्कार केला.

शालीकरामने मान किंचित झुकवून तो स्वीकारला.