मागच्या काचेवरचा डबा

सौदामिनी मॅडमनी पुण्यातल्या एका दवाखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली आणि लातूरला परतायच्या आत तशीच टाकी आपल्या क्लाससाठी मागवून टाकली. "आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं," त्या म्हणाल्या, "तिथं समुद्र दिसला की पालक थबकलेच पाहिजेत."

पालक थबकायचे. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी पोरांना घेऊन उदगीर, देगलूर, भोकरहून आलेली माणसं सोफ्यावर बसून त्या चार फुटी टाकीतल्या नारिंगी माशांकडं बघत राहायची. टाकीची जबाबदारी वैजनाथकडं आली, कारण तो तिथं प्राणिशास्त्र शिकवायचा. त्यानं समुद्र एकदाच पाहिला होता, अलिबागला, सहलीत. पण नाही म्हणायचं काही कारण त्याला सुचलं नाही.

टाकीखालच्या कपाटात दुसरी लहान टाकी होती. वरचं पाणी तिथं उतरायचं, गाळलं जायचं आणि पंप ते परत वर चढवायचा. पाणी उतरायला मोठ्या टाकीला भोक हवं. पण ती काच टफन केलेली, भोक पाडायला गेलं तर चुराच. म्हणून मागच्या काचेवर एक डबा अडकवला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि दोन्हींना जोडणारी काचेवरून जाणारी वाकडी नळी. ती पाण्यानं भरलेली आहे तोवर पाणी आपोआप काच ओलांडून खाली जात राहतं. नळीत हवा साठली की उतरणं बंद. पंपाला हे कळत नाही, तो चढवतच राहतो.

जूनमधल्या एका रविवारी ॲडमिशनला गर्दी असताना लाईट गेली, पंधरा मिनिटांनी आली, आणि नेमकं हेच झालं. खालचं सगळं पाणी वर चढलं आणि काठावरून सोफ्यांखाली गेलं. पालक पाय वर घेऊन बसले. एका आजोबांच्या पिशवीतले मार्कमेमो भिजले. सगळे ओरडत असताना वैजनाथनं बटण बंद केलं, पोतं आणलं आणि गुडघ्यावर बसून फरशी पुसायला लागला.

"सर, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?" मॅडम म्हणाल्या.

हे त्याला नवीन नव्हतं. वैजनाथ किल्लारीचा. भूकंप झाला त्या पहाटे तो नऊ वर्षांचा होता. दगडमातीचं घर बसलं, कोपऱ्यातल्या कणगीला एक तुळई अडकली आणि तिच्याखाली तो उरला. दुपारी त्याला ओढून काढलं. आई धुरपता आणि धाकटी चांगुणा संध्याकाळी निघाल्या, एकाच वाकळेत. तोवर त्यानं कुणीतरी दिलेला बिस्किटाचा पुडा संपवला होता. त्या दिवशी तो रडला नाही, पत्र्याच्या शेडमध्ये रडला नाही, नव्या गावातल्या घरात काकांनी आईचा फोटो लावला तेव्हाही नाही. रामकिशनकाका म्हणायचे, पोराचं रडायचं राहूनच गेलं. एखादं काम राहून जावं तसं ते म्हणायचे, आणि वैजनाथलाही ते तसंच वाटायचं. पुढं तो शिकला, एम.एस्सी. झाला, लातुरात नोकरीला लागला, भोकरच्या राजकन्येशी त्याचं लग्न झालं. मज्जासंस्थेचा धडा तो ज्या आवाजात शिकवायचा त्याच आवाजात बायकोला चहा झाला का विचारायचा. राजकन्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. सुरुवातीला तिनं भांडून पाहिलं. मग तेही सोडलं.

लातुरात डबा विकणाऱ्यानं हात वर केले. तेव्हा मॅडमनी वैजनाथला नांदेडला पाठवलं. तिथं अंबरीश नावाच्या माणसाचं माशांचं दुकान होतं. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पास होऊन तो या धंद्यात पडला होता आणि त्याबद्दल घरच्यांशी अजून भांडत होता, हे त्यानं पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं.

अंबरीशनं तीन डबे काऊंटरवर मांडले. "हा घ्या सर, बेफिकीर राहा. ह्यात छोटा पंप आहे, तो नळीतली हवा ओढत राहतो. बंद पडायचा सवालच नाही."

"छोटा पंप बंद पडला तर?"

"नाही पडत."

"पडला तर?"

अंबरीश हसला. "सर, तसं म्हणलं तर काहीही पडू शकतं."

"तेच विचारतोय," वैजनाथ म्हणाला. "पडल्यावर काय होतं?"

अंबरीशनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग पंपवाला डबा उचलून परत फळीवर ठेवला. "मग हा नको."

दुसऱ्या डब्याची नळी मनगटाएवढी जाड होती. वैजनाथला तीच भक्कम वाटली. पण अंबरीश म्हणाला, "जाड नळीत पाणी हळू जातं, बुडबुडे वरच्या वाकात साठत जातात. बारीक नळीत पाणी जोरात जातं, बुडबुड्याला बसूच देत नाही, ओढून नेतं." तिसऱ्या डब्याला तशा दोन बारीक नळ्या होत्या. एक बंद पडली तरी उरलेली एकटी सगळं पाणी नेईल इतपत. आणि दोन्ही बाजूंना आतून छोटे आडबंध होते. लाईट गेली तरी त्यांच्यामागं पाणी अडून राहायचं, नळ्यांची तोंडं बुडलेली राहायची, हवा आत शिरायची नाही.

"लावून दाखवा," वैजनाथ म्हणाला.

अंबरीशनं दुकानातल्या टाकीवर डबा अडकवला, पंप जोडला. वैजनाथनं बटण बंद केलं. पाणी आडबंधापर्यंत उतरून थांबलं. बटण चालू केलं. पाणी पुन्हा वाहायला लागलं. त्यानं परत बंद केलं. असं त्यानं चाळीस वेळा केलं. मधे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. अंबरीशनं दोन चहा मागवले, वैजनाथचा निवून गेला.

"पुरे का सर? तुम्हीपण इंजिनिअर आहात का?"

"नाही. किल्लारीचा आहे."

अंबरीशनं कप खाली ठेवला. तो म्हणाला, "खरं सांगतो, हापण कधीतरी दगा देणार. डब्यावर विसंबूच नका. खालच्या टाकीत पंपाच्या कप्प्यात पाणी एवढंच ठेवा, की सगळंच्या सगळं वर चढलं तरी काठाच्या आत मावेल. मग डबा बंद पडू द्या."

वैजनाथनं तो डबा घेतला. परतीच्या बसमध्ये त्यानं तो मांडीवर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं कपाटातल्या टाकीच्या काचेवर मार्करनं रेघ मारली आणि तिच्या वर पाणी घालायचं नाही असं शिपायाला सांगितलं.

डबा आठ-नऊ महिने बिनबोभाट चालला. मार्चमधल्या एका दुपारी, अडीचच्या सुमाराला, वैजनाथ टाकीचा खारेपणा मोजत होता आणि खालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला. तो ट्रक नव्हता. खिडक्या थरथरल्या, टाकीतलं पाणी एका बाजूला गेलं, परत आलं, काचेवर आपटलं. वर कुणीतरी किंचाळलं, आणि मग तिन्ही मजल्यांवरून पोरं जिन्यानं कोसळत निघाली. वह्या, चपला, पाण्याच्या बाटल्या. दोन मिनिटांत इमारत रिकामी झाली.

वैजनाथ तिथंच उभा होता. पाणी हेलकावलं तेव्हा दोन्ही नळ्यांनी हवा घेतली होती. पाणी उतरायचं थांबलं होतं आणि पंप चढवत होता. तो बघत राहिला. पाणी वर आलं, आणखी वर आलं. काठाला दोन बोटं उरली आणि खालचा कप्पा रिता होऊन पंप घरघरला. त्यानं तो बंद केला. मग गुडघ्यावर बसून एका सुट्या नळीनं एकेका वाकातली हवा तोंडानं ओढून काढली, खारं पाणी थुंकलं, पंप चालू केला. मासे कोपऱ्यात होते, जिवंत.

"सर!" सौदामिनी मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांचा पदर सुटला होता, त्यांना दम लागला होता. "सगळी पोरं मोजून झाली. तुम्ही आत काय करताय?"

"पाणी सांडलं नाही, मॅडम."

मॅडमनी त्याचा दंड धरला आणि लहान पोराला न्यावं तसं त्याला बाहेर मैदानात आणून सोडलं.

तिथं राजकन्येचा फोन आला. "बाहेर आलात न्हवं?"

"हाव."

"कवा आलात?"

त्याला खोटं जमलं नाही. "मॅडमनी आणलं," तो म्हणाला.

पाच वाजता ती शाळेतून घरी आली तेव्हा तो कॉटवर बसून होता. राजकन्येनं पर्स खुंटीला लावली. "पळावं वाटलंच न्हाई का?"

"न्हाई."

"भ्या वाटलं?"

त्यानं खरोखर आठवून पाहिलं. "न्हाई. काहीच वाटलं न्हाई. पाणी कुठवर येतंय तेवढं बघत होतो."

तो वाट बघत होता की ती रडेल, नाहीतर भांडेल. ती म्हणाली, "वाटू नका देऊ मग. वाटायची वाट बघत बसलात तर आत राहाल. उठा."

"कुठं?"

"बाहेर. मी हाक मारली की उठायचं अन् अंगणात यायचं. इचार करायचा न्हाई. शाळेत पोरांकडनं करून घेते तसं."

ती अंगणात गेली आणि तिनं हाक मारली. तो उठून बाहेर आला. "लई हळू," ती म्हणाली. "परत." तो आत गेला, कॉटवर बसला, हाक आली, बाहेर आला. तिसऱ्या वेळेला शेजारच्या गुरम्मामावशी भिंतीवरून डोकावल्या. "काय झालं वो मास्तरीणबाई?"

"काही न्हाई मावशी. बाहेर यायची सवय करायलोत."

मावशींनी मान हलवली, जणू हे रोजचंच होतं, आणि वाळवण उचलायला गेल्या.

अंगणातली शहाबादी फरशी दिवसभराच्या उन्हानं तापलेली होती. "पाय पोळायलेत," वैजनाथ म्हणाला.

"पोळू द्या. त्या टायमाला चपला कोण हुडकत बसणार?" ती घड्याळात बघत म्हणाली. "आणि एकदा."

तो आत गेला, कॉटवर बसला आणि तिच्या हाकेची वाट बघत राहिला.