धवलारणीचा दम

"फुंका आजी, जोरात. सोडा, सगळा सोडा."

नाकाला चिमटा आणि तोंडात पुठ्ठ्याची नळी असताना माणसाला उलट उत्तर देता येत नाही, ही भामाबाईंची मोठीच अडचण झाली. एरवी पनवेलच्या त्या दवाखान्यात यंत्रापाशी बसणाऱ्या अपूर्वला त्यांनी सोडला नसता. त्यांनी डोळे मिटले आणि श्वास सोडला. सावकाश, एकसारखा, तेलाची धार धरावी तसा. अपूर्वने पुन्हा फुंकायला लावलं, मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी पडद्यावरची रेघ हुबेहूब तशीच. चुकीचं फुंकणाऱ्यांची एक रेघ दुसरीसारखी येत नाही. ही इतकी सारखी म्हणजे खरीच, असं त्याने धरलं.

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. पहिल्या झटक्यात हवा बाहेर येतच नाही, म्हणाल्या. छातीचा स्कॅन काढा, आणि तोवर गाणं बंद.

गाणं बंद म्हणजे काय, ते त्या बाईंना कसं कळावं? भामाबाई उलव्याकडच्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आले तरी चालतात, पण धवलारणीने धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, म्हटल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. आणि या खेपेला नवरी होती त्यांचीच नात, मनस्वी.

विडी त्यांना मिठागरावर लागली होती, तरुणपणी. पुढे धवले म्हणता म्हणता रात्र सरायची, तेव्हा एक धवला, एक विडी असा हिशेब पडला. विडीने गळा सुटतो, असं त्या स्वतः सांगायच्या आणि इतर बायकाही माना डोलवायच्या. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा त्यांनी जिन्याला नावं ठेवली.

घरी सून हेतलने विड्यांची बंडलं शोधून काढली. तांदळाच्या डब्यातलं सापडलं, देवघरामागचंही. सासूने काडेपेटीही स्वतःहून काढून दिली, तेव्हा हेतल जास्त घाबरली. मुलगा प्रणित धीर द्यायला म्हणाला, की धवले मोबाइलवर मिळतात, स्पीकर लावू. त्या रात्री भामाबाई जेवल्या नाहीत.

स्कॅन घेऊन सासू-सुना पुन्हा दवाखान्यात गेल्या. गाठबीठ काही नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि हेतलने तिथल्या कॉम्प्युटरलाच हात जोडले. मग बाईंनी फुप्फुसाचं चित्र दाखवलं. आत द्राक्षाच्या घडासारखे बारीक बारीक फुगे, त्यांच्या पातळ भिंतीला लागून रक्त वाहतं. हवेतला प्राणवायू भिंतीतून रक्तात जातो आणि रक्तातला वापरलेला वायू त्याच वाटेने बाहेर येतो. धुराने या भिंती विरतात. चार फुग्यांचा एक मोठा फुगा होतो. हवा आत कोंडून राहते, पण देवघेव व्हायला भिंतच उरत नाही.

भामाबाई चित्राकडे बघत राहिल्या. मिठागरात खारं पाणी लहान लहान कोंड्यांत, बांध घातलेल्या वाफ्यांत, पातळ पसरतात, म्हणून मीठ धरतं. बांध वाहून गेले, की उरतं नुसतं तळं.

"मंजे बांध फुटलं माजं," त्या म्हणाल्या. "परत घालता येतील?"

"फुटलेले परत नाही घालता येत, आजी. विडी सोडलीत तर आहेत ते टिकतील."

"आनि धवला?"

या वेळी बाई स्वतः यंत्रापाशी उभ्या राहिल्या. भामाबाईंनी श्वास सोडला, तशीच तेलाची धार.

"आजी, इतकं जपून का सोडताय?"

"मंग? अख्खा दम एकदम सोरला त धवल्याला काय ठेवू?"

बाई हसल्या. अपूर्वने मान खाली घातली. जन्मभर श्वास पुरवून पुरवून वापरलेली बाई. तिला उधळायला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. हेतल पुढे झाली.

"आई, लाकरा वली हान. चूल पेटत नाय नि पावनं दारात आलं. फुंका."

भामाबाईंनी अशी फुंकर घातली की नळी सुटता सुटता राहिली. रेघ उंच गेली. निरोगी माणसाइतकी नाही, पण आधीच्या रेघेने दाखवलं होतं तितकं वाईट काही नव्हतं. औषधाचा पंप घ्या, विडीला शिवू नका, आणि बसून, दमाने म्हणायचं असेल तर म्हणा, असं बाईंनी सांगितलं. बाहेर येऊन दोघी सासू-सुना उसाचा रस प्यायल्या आणि उगाच हसत राहिल्या.

हळदीच्या दिवशी मांडवात मनस्वी पाटावर बसली होती. भामाबाईंनी धवला उचलला. पूर्वी ज्या ओळीला त्या मध्ये कुठेच थांबत नसत, ती ओळ अर्ध्यात तुटली. शेजारची बाई ओळ उचलायला पुढे सरकली. भामाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. नातीच्या गालापाशी हेतलचं हळदीचं बोट तसंच अधांतरी राहिलं.

त्यांनी श्वास आत घेतला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मग उरलेली ओळ म्हटली, आणि हळद लागली.