लसणाच्या घरातलं नाक

बाबांच्या अर्काची चाचणी आमच्याच प्रयोगशाळेत करायची ठरली, तेव्हा आमच्या प्रमुख मॅडमनी पहिलीच अट घातली : मोजणी मी करायची नाही.

“लेक बापाची बाजू घेणारच,” त्या म्हणाल्या. “नाही घेतलीस तरी लोक घेतली असंच म्हणणार.”

मला ते पटलं. बाबा घरच्या छोट्या कारखान्यात लसूण चिरून पाणी आणि मद्यार्काच्या मिश्रणात मुरवतात. चांगलं दीड वर्ष तो बंद पिंपात असतो. आत्या त्याला ‘लसूण कुजवणं’ म्हणते. खरं तर त्या काळात लसणातली झोंबणारी संयुगं हळूहळू बदलतात आणि त्यांच्या जागी गंधकाची सौम्य, पाण्यात विरघळणारी संयुगं तयार होतात. हा अर्क रक्तवाहिन्यांना चांगला, असं बाबा वर्षानुवर्षं सांगत आले. पण “कशावरून?” असं कुणी विचारलं की ते पिंपाकडे बोट दाखवत. त्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्या हातात द्यायचं होतं.

प्रयोग साधा होता. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी बशीत वाढवायच्या आणि त्यांना दाह होईल असं रसायन घालायचं. दाह झाला की अस्तर चिकट होतं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला चिकटून बसतात. रक्तवाहिनी बिघडायची सुरुवात बहुधा अशीच होते. मग बशीत पांढऱ्या पेशी सोडायच्या; अर्क घातलेल्या बशीत त्या कमी चिकटल्या, तर अर्काने दाह आवरला म्हणायचं.

मोजणी घुबडाकडे गेली. हा आमचा सीनियर. दिवसभर सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत बसतो म्हणून हे नाव, आणि त्याला त्याचा अभिमानही आहे. बशीत थेंब टाकायचे त्यानेच आणि पेशी मोजायच्याही त्यानेच. बाटल्या मी भरल्या : एकीत अर्क, दुसरीत लसणाशिवायचं तेच मिश्रण. रंगावरून ओळखू येऊ नये म्हणून दुसरीत जाळलेल्या साखरेचं पाणी घालून रंग हुबेहूब जुळवला. मॅडमनी वर नुसते आकडे चिकटवले आणि कोणती कुठली हे स्वतःकडे ठेवलं. चोख काम झालं, असं मला वाटलं.

निकाल आला. अर्काच्या बशीत निम्म्याहून कमी पेशी चिकटल्या होत्या! मी तिथूनच फोन लावला. बाबांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, “थांब, तुझ्या आत्याला सांगतो.” संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना घुबड सहज म्हणाला, “तुझ्या बाबांची बाटली उघडली ना, की मला सपाटून भूक लागते बघ.”

“म्हणजे? कोणती बाटली त्यांची, हे तुला कळत होतं?”

“अगं, दारातून कळतं! तुला नाही येत वास?”

नव्हता येत. मी लसणातच लहानाची मोठी झाले. आमच्या घरी पाहुणे दारात थबकतात आणि आम्ही विचारतो, काय झालं? घुबडाच्या डोळ्यांवर मी पट्टी बांधली होती, नाक मात्र उघडंच ठेवलं होतं. घुबड लबाड नाही. पण अर्धवट चिकटलेली पेशी धरायची की सोडायची हे मोजणारा ठरवतो, आणि मनात उत्तर असलं की हात आपोआप तिकडे कलतो.

हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं आणि घुबडाला त्यात काही वावगं वाटलेलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर बाबांचा ‘निम्म्याहून कमी’ कायमचा राहिला असता. चहाचा कप हातात तसाच घेऊन मी मॅडमच्या खोलीत गेले.

त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला. “पहिल्यापासून,” एवढंच म्हणाल्या.

“मला सर्दी होईपर्यंत थांबू या का?” माझ्यामागून आलेल्या घुबडाने विचारलं.

“तुझी सर्दी आमच्या सोयीने थोडीच येणार आहे!” मॅडम म्हणाल्या.

या वेळी थेंब मॅडमनी टाकले, बश्यांचे फोटो काढून त्यांवर नुसते आकडे घातले आणि घुबडाने फक्त फोटो पाहून पेशी मोजल्या. सगळा प्रयोग पुन्हा पुन्हा केला. फरक आक्रसला. आता अर्काच्या बशीत जेमतेम पाचवा हिस्सा कमी पेशी चिकटत होत्या. पण दर वेळी चिकटत होत्या कमीच.

सुट्टीच्या दिवशी घरी गेले. बाबा आणि आत्या कारखान्यात लसूण निवडत होते. मी सगळं सांगितलं.

“निम्म्यावरून पाचव्या हिश्शावर?” आत्या म्हणाली. “शिकून हेच आणलंस होय गं? घरचं कमी करून?”

“आत्या, हे बशीतल्या पेशींचं आहे. माणसाच्या शरीरात काय होतं ते आम्हाला अजून माहीत नाही.”

“म्हणजे मी बीपीची गोळी सोडायची नाही?”

“अजिबात नाही!”

बाबांनी हातातला गड्डा खाली ठेवला. “मोजणाऱ्याला या वेळी कळायला काही वाव?”

“नाही. फोटोला वास नसतो.”

“आणि चूक पकडली कुणी? मॅडमनी?”

“मी.”

“पहिला आकडा ठेवला असता तर कुणाला कळलं असतं?”

“कुणालाच नाही, बाबा.”

ते उठले, हात धुतले, पुसले आणि फोन घेऊन दारात जाऊन उभे राहिले. ज्यांना ज्यांना पहिला आकडा सांगितला होता, त्यांना एकेक करून फोन सुरू झाले. सुरुवात मोठ्या काकांपासून, कारण ‘कशावरून?’ विचारणाऱ्यांत ते पहिले.

“दादा, मागचं सांगितलेलं विसर. ते चुकलं होतं. कुणी शोधलं माहितेय? आमच्या पोरीने! सगळं चाललं होतं छान, कुणी विचारणारंही नव्हतं, तरी स्वतः जाऊन सांगितलं, माझं चुकलं म्हणून. अरे, बापाचा माल असून!”

ते बोलतच राहिले. वासाची गोष्ट, जाळलेली साखर, अंधारी खोली, सगळं रंगवून. आत्या मान खाली घालून लसूण निवडत हसत होती.

“बाबा,” मी हळूच म्हटलं, “नवा आकडा सांगायचा राहिला.”

त्यांनी मला हातानेच थांबवलं. “थांब गं. आधी हे तर नीट सांगू दे.”