मला चष्म्याचं मशीन म्हणतात

मी एक जुना, डोळ्यांची हालचाल टिपणारा कॅमेरा आहे. राजापूरजवळच्या एका छोट्या दवाखान्यात राहतो. मित्रांनो, डोकं आपटलं की कधीकधी मेंदूला आतून हादरा बसतो. वर खोक नसते, रक्त नसतं, पण नजर गडबडते. मी पडद्यावर एक ठिपका फिरवतो आणि डोळे त्याच्यामागे नीट जातात का ते पाहतो. निदान डॉक्टर करतात, मी फक्त शंका घेतो.

बंगळुरूच्या कारखान्यात माझा जन्म झाला. इथे आलो तेव्हा नारळ फुटला, मला हारही घातला. पण भाषण करणारे पाहुणे मला 'चष्म्याचं मशीन' म्हणाले आणि माझी रवानगी नेत्रतपासणीच्या खोलीत झाली. चष्मा हवा असलेले यायचे, मला नंबर काढता येत नाही हे कळताच तोंड वाकडं करून जायचे. डोकं आपटलेली माणसं मात्र टेंगळाला बर्फ लावून परस्पर घरी! पुढे माझ्यावर कापड आलं आणि कापडावर रिकामे खोके. भिंतीपलीकडे माणसांचा गलका असायचा, मी इकडे एकटा. फार वाईट वाटायचं.

गेल्या आंब्याच्या हंगामात महिपत आले. झाडावर चढून आंबे काढणं हे त्यांचं काम. सोबत बायको गोदा होती.

"मॅडम, एकाचे दोन आंबे दिसतायत. चष्मा द्या, दुपारी परत झाडावर चढायचाय."

"परवा फांदीवरना पडलात, ता सांगा की आधी!" गोदा म्हणाली.

"पडलो तसा उठलो पण!"

हे ऐकताच डोळे तपासणाऱ्या नम्रता मॅडमनी माझ्यावरचे खोके उतरवले, कापड काढलं आणि महिपतांना माझ्यासमोर बसवलं. ठिपका सरळ निघाला. महिपतांची नजर मागे राहायची, मग उडी मारून त्याला गाठायची. मॅडमनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी सगळी तपासणी केली, रत्नागिरीला स्कॅनसाठी चिठ्ठी दिली आणि बजावलं, "पुन्हा डोकं आपटलं तर जिवावर बेतेल. काही दिवस एकटं राहू नका आणि मी सांगेपर्यंत झाड बंद."

"आंबा माझ्यासाठी थांबणार नाय, डॉक्टर."

"आंबा पडला तर पडूंदे," गोदाला रडू फुटलं. "तुमी पडायचा नाय."

दोघं गेली. माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. लोक ठिपक्याकडे बघतात, माझ्याकडे नाही.

फेरतपासणीचा दिवस उजाडला आणि महिपतांची खुर्ची रिकामीच राहिली. चढले असतील का झाडावर? माझ्या जिवाला घोर लागला. संध्याकाळी गोदा एकटीच दारात उभी राहिली, तेव्हा तर माझं धाबंच दणाणलं.

"मॅडम, सकाळची एसटी चुकली. मी बाजाराला आले होते, म्हटला सांगून जाऊ. स्कॅन चांगला आला. ते खाली बसून आंबे निवडतायत. उद्या घेऊन येते. आता शेजारीण बसलीय त्यांच्याजवळ, एकट्याला सोडत नाय मी."

एवढं सांगून ती लगबगीने निघाली. मॅडमनी खोली आवरली, माझ्यावर कापड टाकलं आणि दिवा मालवला.

मित्रांनो, हे कापड अधूनमधून काढत जा, एवढी माझी विनंती आहे. ते नाही जमलं तरी चालेल, मला एकटं राहायची सवय झाली आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाला मात्र एकटं सोडू नका.